गाबेसचे पाणी, मतमाताची माती

ट्युनिशियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, जेथे सहारा वाळवंटाची कड भूमध्य समुद्राला जवळजवळ भिडते, तेथे गाबेस हे शहर वसले असून त्याला लागूनच खजुरीचे एक विस्तीर्ण मरुद्यान थेट पुळणीपर्यंत पसरलेले आहे. या शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर दाहर नावाच्या डोंगररांगेत मतमाता हे गाव लागते आणि तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत खोल खड्डे खणून त्या खड्ड्यांच्या भिंतींत आपली घरे कोरलेली आहेत. प्रवासवर्णनांमध्ये यांपैकी पहिले स्थळ निसर्गाचे देणे म्हणून आणि दुसरे मानवी विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून रंगवले जाते, त्यामुळे दोहोंचा परस्परांशी असलेला संबंध सहसा नजरेआड राहतो. वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या टापूत किनाऱ्यावरील माणसांनी झऱ्याचे पाणी वाटून घेण्याची शिस्त लावली आणि डोंगरातील माणसांनी माती अडवण्याची व कोरण्याची. या दोन्ही व्यवस्था दरवर्षीच्या डागडुजीवर जगत होत्या, हे त्यांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

गाबेसचे प्राचीन नाव ताकापे. ज्या आखाताच्या कुशीत ते वसले आहे त्याला रोमन लोक धाकटे सिर्तिस म्हणत आणि खलाशी त्याला वचकून असत, कारण भूमध्य समुद्रात इतरत्र बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी जाणवण्याइतकीही नसते, तर येथे उथळ वाळूच्या दांड्यांवरून पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि बेसावध गलबत रुतून बसते. कार्थेजच्या काळातील हे व्यापारी ठाणे पुढे रोमच्या ताब्यात गेले. इ. स. १४ मध्ये रोमच्या तिसऱ्या ऑगस्टा सैन्यदलाने आपल्या हिवाळी छावणीपासून काप्सा, म्हणजे आजचे गाफ्सा, या गावावरून ताकापेपर्यंत रस्ता बांधला आणि त्याचे मैलाचे दगड आजही उपलब्ध आहेत. समुद्रमार्ग, आजच्या लिबियातील लेप्टिस माग्ना या रोमन शहराकडे जाणारा किनारी रस्ता आणि वाळवंटातून येणारे तांडे हे तिन्ही येथे एकत्र येत असल्याने या जागेचे महत्त्व केवळ शेतीपुरते कधीच नव्हते. तथापि ते टिकले मात्र शेतीवर.

या शेतीचे जे सर्वांत जुने वर्णन उपलब्ध आहे ते रोमन लेखक थोरला प्लिनी याचे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या या लेखकाने आफ्रिका प्रांतात महसुली अधिकारी म्हणून काम केले होते, आणि आपल्या निसर्गविषयक विश्वकोशाच्या अठराव्या खंडात त्याने ताकापेचा उल्लेख अतिशय बारकाईने केला आहे. वाळूच्या मधोमध एक मोठा झरा असून त्याचे पाणी रहिवाशांमध्ये ठरावीक तासांच्या पाळीने वाटले जाते, असे तो नोंदवतो. त्यानंतर तो पिकांची उतरंड सांगतो: उंच खजुरीखाली ऑलिव्ह, ऑलिव्हखाली अंजीर, अंजिराखाली डाळिंब, डाळिंबाखाली द्राक्षवेल, वेलीखाली गहू, मग कडधान्ये आणि शेवटी पालेभाजी, ही सारी एकाच वर्षात, एकमेकांच्या सावलीत वाढणारी. द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा बहर येतो, आणि इतक्या पिकांनी जमिनीचा जोर शोषून घेतला नाही तर प्रत्येक पीक माजून वाया जाईल, असाही त्याचा अभिप्राय आहे.

याच उताऱ्यातील एक तपशील इतिहासकाराच्या दृष्टीने विशेष मोलाचा ठरतो. चार हात लांब व चार हात रुंद एवढ्याशा तुकड्याला तेथे चार दिनार, म्हणजे चार रोमन चांदीची नाणी, पडत असे प्लिनी सांगतो आणि पुढे खुलासा करतो की हा हात बोटे पसरून नव्हे, तर मूठ मिटून मोजलेला आहे. जमीन बिघ्यात वा एकरात न मोजता मिटलेल्या मुठीच्या हातांनी मोजली जाते, तेव्हा तिचे मोल मातीपेक्षा त्या मातीला मिळणाऱ्या पाण्याच्या पाळीत असते, हे उघड आहे. मरुद्यान म्हणजे वाळवंटात आपोआप उगवलेली हिरवाई ही रूढ समजूत या एका नोंदीपुढे टिकत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातच येथे पाण्याचे तास ठरलेले होते, जमिनीचा बाजारभाव ठरलेला होता आणि कोणत्या झाडाने कोणावर सावली धरायची हेही ठरलेले होते.

या उतरंडीत खजुरीचे स्थान समजून घेणे आवश्यक आहे. आतल्या वाळवंटातील तोझर किंवा नेफ्झावा येथील कोरड्या हवेत पिकणारा पारदर्शक, मधासारखा ‘देगलेत नूर’ खजूर गाबेसच्या दमट सागरी हवेत नीट पिकत नाही आणि येथील खजूर त्यामानाने सामान्य प्रतीचा असतो. तरीही खजुरीशिवाय हे मरुद्यान उभे राहू शकत नाही, कारण तिच्या झावळ्यांचे छत ऊन आणि वारा अडवते, खालचा ओलावा धरून ठेवते आणि त्या आडोशाला डाळिंब, जर्दाळू, अंजीर ही मधल्या थरातील झाडे आणि त्यांच्या पायाशी भाजीपाला, लसूणघास व मेंदी ही पिके वाढतात. खोडाचे वासे होतात, झावळ्यांच्या टोपल्या व कुंपणे होतात आणि शेंड्याला खाच पाडून काढलेली ‘लेग्मी’ नावाची नीरा पहाटे ताजी प्यायली जाते. गाबेसची मेंदी ही तर या मरुद्यानाची खरी ओळख. शहराच्या जारा भागातील बाजारात हिरव्या मेंदीच्या भुकटीचे ढीग मसाल्यांच्या शेजारी मांडलेले असतात आणि देशभरातील लग्नघरांना ती येथून जाते.

मध्ययुगीन अरबी भूगोलकारांनी गाबेसबद्दल जे लिहिले आहे त्यावरून हे मरुद्यान काळानुसार आपली पिके आणि धंदे बदलत गेले, हे दिसून येते. अकराव्या शतकात कोर्दोबा येथे बसून लिहिणाऱ्या अल-बक्रीने येथे केळी व ऊस होत असल्याचे आणि तुतीची झाडे मुबलक असल्याचे नोंदवले आहे, आणि इफ्रीकिया, म्हणजे ढोबळमानाने आजचा ट्युनिशिया, या प्रदेशात रेशीम केवळ गाबेसलाच तयार होते, असे त्याने म्हटले आहे. जेमतेम एका शतकानंतर अल-इद्रीसी लिहितो तेव्हा रेशीम ही जुनी गोष्ट झालेली असते आणि शहर कातडी कमावण्यासाठी ओळखले जाते. मधल्या काळात बनू हिलाल या अरब भटक्या टोळ्या इजिप्तकडून पश्चिमेस सरकल्या होत्या आणि त्यांच्यातीलच बनू जामी या घराण्याने गाबेसवर काही काळ राज्यही केले. या टोळ्यांनी उत्तर आफ्रिकेची शेती पार उद्ध्वस्त केली असे मत इब्न खल्दूनपासून वसाहतकालीन फ्रेंच इतिहासकारांपर्यंत अनेकांनी मांडले. गाबेसच्या बाबतीत मात्र ते सरसकट स्वीकारणे कठीण आहे, कारण राज्यकर्ते बदलले, रेशमाच्या जागी चामडे आले, तरी झऱ्याचे पाट वाहते राहिले. शहराच्या दक्षिणेला असलेला सिदी बूलबाबा यांचा दर्गाही याच सातत्याचा भाग आहे. पैगंबरांचे सहकारी अबू लुबाबा यांची ती समाधी असल्याची श्रद्धा असून तिच्याभोवती एक स्वतंत्र वस्ती वाढली.

गाबेसहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता सपाटी सोडून डोंगर चढू लागला की जमिनीचा रंग आणि पोत दोन्ही बदलतात. मतमाताचे पठार ज्या पिवळसर, मऊ मातीचे बनले आहे तिला भूशास्त्रात ‘लोएस’ म्हणतात. हिमयुगाच्या काळात वाऱ्याने वाळवंटातून उडवून आणलेली अतिसूक्ष्म धूळ हजारो वर्षे साचत गेल्याने ती तयार होते. या मातीचे दोन गुण येथील घरांना कारणीभूत ठरले. ती कुदळीने सहज कोरता येते आणि तरीही उभ्या कापात ढासळत नाही. शिवाय तिच्या थरांमध्ये अधूनमधून चुनखडीचे टणक पापुद्रे आढळतात आणि असा पापुद्रा छतासाठी माथ्यावर ठेवून खोली कोरली तर ती अधिक काळ टिकते. चीनमधील हेनान व शान्शी प्रांतांत, जेथे असाच लोएस आहे, तेथेही जमिनीखाली चौक खणून भोवती घरे कोरण्याची परंपरा स्वतंत्रपणे निर्माण झाली, आणि लिबियातील घरियान येथेही मतमातासारखीच खड्ड्यातील घरे आढळतात. म्हणजे हे घर एखाद्या जमातीच्या चमत्कारिक स्वभावातून आलेले नसून विशिष्ट मातीने देऊ केलेली सोय माणसाने ओळखल्याचा तो परिणाम आहे.

घराची रचना अशी असते. साधारणतः ७ ते १० मीटर खोल आणि १० ते १५ मीटर व्यासाचा उभ्या भिंतींचा गोल खड्डा खणला जातो आणि त्याचा तळ हा घराचा चौक होतो. याला स्थानिक लोक ‘हौश’ म्हणतात. वरून चौकात उतरण्याची सोय नसते. बाहेरच्या उतारावरून एक आच्छादित बोगदा तिरपा खाली जातो, त्याच्या बाजूला बहुधा जनावरांची जागा असते, आणि तो वळण घेऊन चौकात उघडतो, त्यामुळे परक्याची नजर थेट घरात पोहोचत नाही. चौकाभोवती कमानदार छताच्या लांबट खोल्या कोरलेल्या असतात, त्यांना आतून चुना दिलेला असतो, आणि भिंतींतच कोनाडे, फळ्या व ओटे कोरून काढल्याने वेगळे सामान फारसे लागत नाही. खालच्या खोल्या राहण्यासाठी, तर वरच्या पातळीवरील कोठ्या धान्य, ऑलिव्ह व सुके अंजीर साठवण्यासाठी असतात. वरच्या कोठीकडे जाण्यासाठी भिंतीत पायाचा चवडा रुतेल एवढ्या खाचा केलेल्या असतात आणि चढणारा वरून सोडलेल्या दोराला धरून चढतो. काही घरांत कोठीच्या छतातून थेट वरच्या जमिनीपर्यंत एक भोक पाडलेले असते, त्यातून उंटाच्या पाठीवरील धान्य वरच्या वर ओतले जाते. महाराष्ट्रात पूर्वी धान्य साठवण्यासाठी जमिनीत जे पेव खणत, ते जणू येथे घराला जोडलेले असते. चौकाच्या एका बाजूला माग आणि जाते, क्वचित जमिनीखालीच उंटाने फिरवायचा ऑलिव्हचा घाणा, आणि पावसाचे पाणी साठवायचे टाके असा संसार मांडलेला असतो. जमिनीखाली काही मीटर खोलीवर तापमान वर्षाच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहत असल्याने बाहेर उन्हाळ्यात ४० अंशांवर पारा गेला तरी खोली थंड राहते आणि हिवाळ्याच्या बोचऱ्या रात्री ती उबदार असते.

या घरांना पूर्णविराम नसे. मुलाचे लग्न ठरले की नवी खोली कोरली जाई, खड्डा अपुरा पडला की शेजारी दुसरा खणून दोहोंमध्ये बोगदा काढला जाई, पावसाने कड ढासळली की माती उपसून भिंत पुन्हा तासली जाई आणि त्या तासण्यामुळे जुन्या कुदळीच्या खुणा पुसून जात. त्यामुळे बांधलेल्या घरासारखा पाया, विटा वा लाकूड यांवरून अशा घराचे वय काढणे अवघड असते. हेरोडोटसने आपल्या चौथ्या ग्रंथात वर्णिलेले गुहावासी म्हणजे हेच लोक, असे अनेकदा ठोकून दिले जाते, परंतु ते गुहावासी त्याने गारामांतांच्या, म्हणजे लिबियाच्या आतल्या फेझान प्रदेशाच्या संदर्भात आणले आहेत, आणि त्यांचा मतमाताशी संबंध जोडण्यास आधार नाही. रोमनांनी धाडलेल्या इजिप्शियन टोळ्यांपासून स्थानिकांनी जीव वाचवण्यासाठी ही विवरे खणली, ही पर्यटकांना सांगितली जाणारी कथाही त्याच जातीची आहे. निश्चितपणे सांगता येते ते एवढेच की मतमाता या नावाची बर्बर जमात इब्न खल्दूनला चौदाव्या शतकात ठाऊक होती. हे लोक स्वतःला अमाझिघ म्हणवतात. तामेझ्रेत, झ्रावा व ताउजूत या जवळच्या टेकडीवरील दगडी गावांत त्यांची भाषा अद्याप बोलली जाते, तर खुद्द मतमातात अरबी रुळलेली आहे.

त्याहून अधिक हानिकारक अशी एक दंतकथा म्हणजे हे लोक बाहेरच्या जगाला १९६० च्या दशकापर्यंत अज्ञात होते आणि अतिवृष्टीत घरे कोसळल्यावर मदत मागण्यास ते राजधानीत पोहोचले तेव्हाच त्यांचा शोध लागला, ही होय. फ्रान्सने १८८१ मध्ये ट्युनिशियावर संरक्षित राज्य लादले तेव्हापासून या डोंगरात लष्करी ठाणी, नकाशे आणि करवसुली होती. १८९३ मध्ये डॅनियल ब्रून हा डॅनिश लष्करी अधिकारी व पुरातत्त्वज्ञ मतमाताच्या खलिफाकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या स्थानिक प्रमुखाकडे, हद्देज या गावी पाहुणा म्हणून राहिला आणि त्याने घरे, घाणे, लग्ने व दागिने यांची तपशीलवार नोंद केली. त्याच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १८९८ मध्ये लंडनच्या थॅकर कंपनीने काढला आणि कोलकात्याची थॅकर, स्पिंक ही संस्था त्या प्रकाशनात सहभागी होती; अर्थात मतमाताच्या घरांची हकिकत हिंदुस्थानातील वाचकांना एकोणिसाव्या शतकातच उपलब्ध झाली होती. ज्या समाजाचा प्रमुख सरकारदरबारी कर भरत होता त्याला ‘हरवलेली जमात’ ठरवणे म्हणजे त्याचा लिखित इतिहास हिरावून घेणे आहे.

भूमिगत घरांच्या कौतुकात मतमाताच्या लोकांची खरी थोरवी असलेली गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते, आणि ती म्हणजे ‘जसूर’ ही शेतीपद्धत. डोंगरातील प्रत्येक घळीवर माती-दगडांचे आडवे बांध एकाखाली एक असे घातलेले असतात. पावसाळी लोंढा वरच्या उघड्या उतारावरून माती घेऊन येतो, बांधामागे थांबतो, गाळ खाली बसतो आणि जास्तीचे पाणी दगडी सांडव्यावरून पुढच्या बांधाकडे जाते. वर्षानुवर्षे गाळ साचून मीटर-मीटर जाडीचा सुपीक वाफा तयार होतो, आणि जेथे पडणाऱ्या पावसावर काटेरी झुडपेच जगावीत तेथे ऑलिव्ह, अंजीर, खजूर आणि बार्ली घेता येते, कारण प्रत्येक वाफ्याला त्याच्या कित्येक पट मोठ्या उताराचे पाणी मिळालेले असते. गाळ वाढला की बांधाची उंची वाढवावी लागते आणि एक बांध फुटला तर त्याखालच्या सगळ्यांना धोका असतो, म्हणून ही जबाबदारी एकट्या शेतकऱ्याची राहत नाही. किनाऱ्यावर पाण्याची पाळी आणि डोंगरात बांधाची उंची, या दोन गोष्टींवर शेजाऱ्यांना एकमत करावे लागे, आणि डोंगरातील तेल व लोकरीची घोंगडी गाबेसच्या बाजारात जात, तर तेथून मेंदी व भाजी वर येत असे.

विसाव्या शतकात या प्रदेशावरून दुसरे महायुद्ध गेले. इटलीच्या ताब्यातील लिबियाकडून हल्ला होईल या भीतीने फ्रेंचांनी १९३६ ते १९४० या काळात समुद्रापासून मतमाताच्या डोंगरापर्यंत मारेथ ही तटबंदीची रेषा बांधली. मार्च १९४३ मध्ये जर्मन-इटालियन सैन्य तिच्या आडोशाला उभे होते आणि ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यातील चौथ्या भारतीय डिव्हिजनला डोंगरातून हल्लूफच्या खिंडीची वाट मोकळी करण्याचे काम मिळाले. २९ मार्चला गाबेस दोस्त राष्ट्रांच्या हाती आले, परंतु तोवर शहराची बॉम्बवर्षावात मोठी पडझड झाली होती. पुढच्याच आठवड्यात गाबेसच्या उत्तरेस वादी अकारित येथे याच डिव्हिजनने रात्रीच्या अंधारात डोंगर चढून चढाई केली, आणि ५ व ६ एप्रिलच्या दरम्यानच्या रात्री दुसऱ्या गुरखा रायफल्सचे सुभेदार लालबहादूर थापा यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्वातंत्र्यानंतरच्या ट्युनिशियाने भूमिगत घरांकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले. पठाराच्या पायथ्याशी सुमारे १५ किलोमीटरवर नवे मतमाता वसवून तेथे जमिनीवरची घरे, शाळा आणि नळ देण्यात आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीने अनेक खड्डे पाण्याने भरले आणि स्थलांतराला वेग आला. तरुण माणसे आधीपासूनच मजुरीसाठी ट्युनिसला आणि पुढे फ्रान्सला जात होती, त्यामुळे भिंती तासायला व बांध चढवायला हात उरले नाहीत. जुन्या गावात राहिलेल्या काही खड्ड्यांचे हॉटेल झाले. सिदी द्रिस नावाच्या अशाच एका हॉटेलात १९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले आणि पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाल्यावर ते खड्डे परग्रहावरील शेतकऱ्याचे घर म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. पर्यटनामुळे काही कुटुंबांना उत्पन्न मिळाले हे खरे असले, तरी माग आणि जाते दाखवण्याच्या वस्तू झाल्या आणि ज्या जसूरांवर ते घर उभे होते त्यांपैकी पुष्कळ फुटके बांध तसेच पडून राहिले.

गाबेसचा ऱ्हास अधिक वेगाने आणि अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. १८८५ मध्ये गाफ्साजवळ फॉस्फेटचे साठे सापडले होते आणि १९७० च्या दशकात सरकारने या खनिजापासून फॉस्फोरिक आम्ल व खते तयार करणारे उद्योगसंकुल गाबेसलगतच्या घन्नूश येथे उभारले. कारखाने, वाढते शहर आणि खोल कूपनलिका यांनी एकाच भूजलातून उपसा सुरू केला आणि प्लिनीच्या काळापासून वाहणारे झरे दोन दशकांच्या आत आटले. आता पाट पंपाने उपसलेल्या पाण्यावर चालतात आणि ते भूजल मुख्यतः प्राचीन दमट काळात साठलेले असल्याने पावसाने पुन्हा भरत नाही. एक टन फॉस्फोरिक आम्लामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम हा टाकाऊ गाळ निघतो. तो दशकानुदशके सरळ आखातात सोडला गेला, त्याखाली माशांच्या प्रजननाला आधार देणारी समुद्रगवताची कुरणे गाडली गेली आणि ज्या उथळ पाण्यावर किनाऱ्यावरचे मच्छीमार जगत होते ते नापीक झाले. २००८ मध्ये ट्युनिशियाने हे मरुद्यान युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदवले आणि २०१७ मध्ये प्रदूषणकारी विभाग हलवण्याचा निर्णयही जाहीर केला, पण कारखाना तेथेच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये वायुगळतीने शाळकरी मुले आजारी पडल्यावर हजारो रहिवासी तो बंद करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले.

या प्रश्नाचा एक धागा भारतापर्यंत येतो. फॉस्फोरिक आम्लाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार भारत आहे आणि ट्युनिशिया हा त्याच्या पुरवठादारांपैकी एक आहे. गाबेसच्याच आखातावर, उत्तरेस स्खिरा येथे, २०१३ मध्ये दोन भारतीय खत कंपन्यांच्या भागीदारीतील एक आम्ल कारखाना सुरूही झाला. तेथून निघालेले आम्ल भारतीय बंदरांवर उतरते, डीएपी व मिश्रखतांच्या पोत्यांतून शेतापर्यंत पोहोचते, आणि गाबेसच्या जारा व शनिनी भागांतील बागायतदार मात्र पंपाच्या पाण्याची पुढची पाळी कधी येईल याची वाट पाहत जुन्याच पाटांतील गाळ उपसत असतात.